पगार थांबल्यावरही चालू राहणारा हप्ता

प्रश्न : मी कराडची, वय २४. बी.एस्सी. गणितात केलं, संख्याशास्त्र दुसऱ्या वर्षापर्यंतच होतं. दोन वर्षांपासून एका बँकेच्या शाखेत नोकरी करते. हातात २२,००० येतात, त्यातले १२,००० शिल्लक पडतात. ऑगस्टमध्ये पुण्यात एम.एस्सी. संख्याशास्त्राचे वर्ग सुरू होतील. जुलैअखेर नोकरी सोडेपर्यंत माझ्याकडे १,६४,००० रुपये साठलेले असतील. फी बाबा भरणार आहेत, शिवाय महिन्याला ५,००० पाठवतील. कॉट बेसिसवर राहणं, मेस आणि जाणं-येणं धरून ११,००० लागतील. अभ्यास सुटल्याची धास्ती वाटते, म्हणून मे ते जुलै असा तीन महिन्यांचा डेटा सायन्सचा ऑनलाइन कोर्स करायचा विचार आहे. फी ७२,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८४,९६०. ‘नो कॉस्ट ईएमआय’ घेतला तर ७,०८० चे बारा हप्ते, एकरकमी भरले तर दहा टक्के सूट. रविवारपर्यंत नाव नोंदवायचं आहे. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. तुमची धास्ती खरी आहे आणि या तीन महिन्यांत तयारी करायलाच हवी. पण हा कोर्स त्या धास्तीवरचं औषध नाही, आणि त्याची किंमत तुम्हाला पुढच्या वर्षी मोजावी लागेल.

आधी पैशांचं पाहू. पुण्यातला खर्च ११,०००, बाबांकडून ५,०००, म्हणजे दर महिन्याला ६,००० तुमच्या शिलकीतून जाणार. ऑगस्टपासून दुसऱ्या वर्षाच्या मेपर्यंत २२ महिने होतात. त्याचे १,३२,००० झाले. १,६४,००० मधून ते वजा केले तर ३२,००० उरतात. आजारपण, फोन बिघडणं, घरी अचानक जावं लागणं, या सगळ्याला दोन वर्षांसाठी एवढीच गाठ आहे. आता यातून ८४,९६० काढा. उरतात ७९,०४०, म्हणजे १३ महिन्यांची बेगमी. तिसरं सत्र सुरू होता होता पैसे संपतील, आणि तेव्हा बाबांकडे जास्तीचे मागणं किंवा अभ्यास सांभाळून शिकवण्या शोधणं एवढेच मार्ग उरतील.

हप्त्यांची तारीखवार मांडणी केली की आणखी एक गोष्ट दिसते. मे, जून, जुलै असे तीनच हप्ते पगारातून जातील. उरलेले नऊ, म्हणजे ६३,७२० रुपये, तुमचं उत्पन्न शून्य असताना जातील. त्या नऊ महिन्यांत शिलकीतून ६,००० ऐवजी १३,०८० कमी होत राहतील. कर्जाचा हप्ता पगारापेक्षा जास्त काळ जगत असेल, तर मी सहसा पुढचं काही वाचतच नाही. तुमच्या पत्रात मात्र ‘नो कॉस्ट’ हा शब्द आहे, म्हणून थोडं थांबते.

एकरकमी भरणाऱ्याला हाच कोर्स ७६,४६४ रुपयांना मिळतो. हप्त्याने घेणारा ८४,९६० देतो. मधले ८,४९६ हे व्याजच आहे, फक्त ते किमतीत मिसळलेलं आहे. वरवर पाहता ते अकरा टक्के वाटतं. पण तुम्ही ७६,४६४ रुपये वर्षभर वापरत नाही. दर महिन्याला त्यातले काही परत करता. घटत्या शिलकीवर हिशोब केला की दर वर्षाला जवळपास २० टक्के निघतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. शिवाय असं कर्ज बहुतेक वेळा कोर्सवाले देत नाहीत, एखादी वित्तसंस्था देते. कोर्स आवडला नाही, मध्येच बंद पडला, तरी हप्ता त्या संस्थेला द्यावाच लागतो, आणि चुकला तर सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदवहीत, नोंद तुमच्या नावाने होते. पुढे कधी शैक्षणिक कर्ज लागलं तर ती नोंद आड येते. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने दुसऱ्याच आठवड्यात कोर्स सोडला होता. आपण कर्ज घेतलंय हे त्याला वसुलीचा फोन आल्यावर कळलं; त्याने सही केली होती ती प्रवेशाचा अर्ज समजून. तुम्ही कुठल्याही अ‍ॅपवरून कर्ज घेतलंत तर आधी की फॅक्ट स्टेटमेंट मागा. व्याजाचा खरा वार्षिक दर आणि कर्जातून दंडाविना बाहेर पडायची मुदत त्यात लिहिलेली असते.

आता अभ्यासाचं. एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात मुलांना घाम फुटतो तो पायथनमुळे नाही. रिअल अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी या तिघांमुळे फुटतो. आयगेन व्हॅल्यू आणि क्वाड्रॅटिक फॉर्म हाताला नसतील तर मल्टिव्हेरिएट नॉर्मल समजत नाही. जेकोबियन विसरलं असेल तर चलं बदलून नवं डिस्ट्रिब्युशन काढताना पेन अडतं. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात पायथन, एसक्यूएल, पॉवर बीआय, मशीन लर्निंग असं सगळं आहे; या तीन विषयांचा मात्र एकही तास नाही. ती साधनं शिकणं चुकीचं नाही, वेळ चुकीची आहे. तुमच्या नोकरीच्या मुलाखती दोन वर्षांनी होणार आहेत. तोवर साधनं बदलतील, तुमच्या कोर्समध्येही संगणकाची प्रात्यक्षिकं होतील. काही कमी वाटलंच तर ते तेव्हा शिका.

तुम्हाला आत्ता जे लागतं ते बहुतेक फुकट आहे. आयआयटींच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर खुली आहेत. लिनिअर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी, रिअल अ‍ॅनालिसिस तिन्ही मिळतील. पैसे लागतात ते परीक्षेला आणि प्रमाणपत्राला, विषयाला साधारण हजार रुपये. त्यांची सत्रं जानेवारी आणि जुलैत सुरू होतात, त्यामुळे उन्हाळ्यात परीक्षा जमणार नाही. चालेल. प्रवेश झालेल्या मुलीला त्या कागदाची गरज नाही. एमआयटीचे गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जिब्राची आणि हार्वर्डचे जो ब्लिट्झस्टीन यांची प्रोबॅबिलिटीची व्याख्यानंही पूर्ण खुली आहेत, आणि दोघंही इतकं समजावून सांगतात की इंग्रजीचा अडसर फार जाणवत नाही. ‘आर’ ही संगणकभाषा न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनीच घडवली. तीही मोफत उतरवून घेता येते.

मग पैसे अजिबात खर्च करायचे नाहीत का? करा, दोन ठिकाणी करा.

पहिलं, जुलै महिना विकत घ्या. नोकरी जुलैऐवजी जूनअखेर सोडा. यात पगार २२,००० बुडेल; पण त्या महिन्यात नेहमीचा १०,००० चा खर्च टाळलात, तर शिलकीतले १२,०००च कमी होतात. शाखेत दिवसभर उभं राहून आल्यावर रात्री दहाला प्रमेय डोक्यात शिरत नाही. मे-जूनमध्ये रोज तास-दीड तास व्याख्यानं ऐका, आणि जुलैचे एकतीस दिवस सकाळपासून फक्त गणितं सोडवा. ८४,९६० रुपयांचा कोर्स नोकरी सांभाळत करण्यापेक्षा १२,००० रुपयांचा हा मोकळा महिना तुम्हाला कितीतरी जास्त देईल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दुसरं, सोडवलेलं तपासून घ्या. रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानाला तुमची वही दिसत नाही. तुम्ही शिकलात त्या कॉलेजातले संख्याशास्त्राचे सर किंवा मॅडम आठवड्यातून एकदा तासभर वही पाहायला तयार असतील, तर त्यांना विचारा आणि मानधन द्या. तीन महिन्यांसाठी ५,००० बाजूला ठेवा. दोन्ही मिळून १७,००० गेले, तरी ३२,००० पैकी १५,००० तुमच्याकडे राहतात.

तुमच्यासारख्याच तयारीतल्या कुणाला परदेशी विद्यापीठाने ‘अमुक विषय गुणपत्रकासह पूर्ण करून या’ अशी अट घातली असेल, तर माझं उत्तर वेगळं आहे. तिथे त्या गुणपत्रकाशिवाय दार उघडत नाही, तेव्हा त्यासाठी पैसे मोजावेत. तुमच्या प्रवेशाला अशी अट नाही.

पुण्यात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी करा. कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली ती तुमच्याच तालुक्यातल्या काले गावी, तेव्हा या वाटेबद्दल कराडच्या मुलीला मी वेगळं काय सांगणार? त्यातून मिळेल ते ६,००० च्या खड्ड्यात टाका. राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर तुम्हाला लागू होणारी शिष्यवृत्ती आहे का, हेही विभागाच्या ऑफिसात विचारून घ्या.

तुमच्या शिलकीपैकी ९०,००० गावातल्या पतसंस्थेत आहेत, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. व्याज बरं आहे, पण बँकेतल्या ठेवीला असणारं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षण पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. हा तुमचा पंधरा महिन्यांचा मेसचा आणि खोलीचा पैसा आहे. पावतीची मुदत जुलैत संपते तेव्हा नूतनीकरण करू नका. रक्कम बँकेत आणा, २०,००० बचत खात्यात ठेवा आणि बाकीच्याच्या तीन, नऊ आणि पंधरा महिन्यांच्या लहान पावत्या करा.

रविवारी फोन येईल, सवलत आणखी दोन दिवस वाढवल्याचंही सांगतील. नाही म्हणा. आणि जूनअखेर मोकळं व्हायचं असेल तर नोटीस किती दिवसांची आहे ते नेमणूकपत्रात आजच पाहा. महिन्याची असेल, तर राजीनामा मेअखेरच्या आत द्यायला हवा. अनुभवाचं पत्र हातात घेऊनच बाहेर पडा.