अनुदान मंजूर, पण खात्यात पैसे नाहीत: आधी बँकेचं सीडिंग पाहा

ताई, तुम्ही विचारलंत: वडील 62 वर्षांचे, लकव्यामुळं आठ महिने खाटेवर, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज मंजूर, तरी खात्यात काही जमा नाही आणि बँक म्हणते "पेशंटला शाखेत आणा". आमच्या घरचे सात महिने याच अडचणीत गेले, म्हणून यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र), उत्पन्नाचा दाखला वगैरे सोडून थेट मुद्द्यावर येतो.

"आधार लिंक आहे का?" असं बँकेत विचारू नका. लिंक असतंच, आणि काउंटरवरचा माणूस खरं सांगून तुम्हाला परत पाठवतो. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट संस्थेच्या मॅपरमध्ये (आधार-बँक नोंदयादीत) त्या आधारसमोर ज्या बँकेची नोंद आहे तिथं जातात. ही नोंद म्हणजेच सीडिंग. एका आधारला एकच बँक, आणि सगळ्यात शेवटी जिथं सीडिंग झालं तीच. कधी काळी सिमकार्ड घेताना उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं, जुनं जनधन खातं, असं काहीतरी तिथं निघतं. माय-आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा. ओटीपी वडिलांच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर येईल. तो नंबर बंद असेल तर आधी तेच काम. दुसरी बँक दिसली तर तहसीलच्या चकरा थांबवा, दोष तिथं नाही. हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरा आणि शिक्का मारलेली पोच घ्या. पोच नसेल तर फॉर्म दिलाच नाही असं समजा.

आता "पेशंटला आणा" याबद्दल. खाटेवरच्या माणसाला ऑटोत कोंबून शाखेत नेणं मला क्रूर वाटतं, आणि त्याची गरजही नाही. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर 2017 मध्येच बँकांना सांगितलंय की 70 वर्षांवरचे ज्येष्ठ आणि दिव्यांग किंवा दीर्घ आजारी ग्राहक यांना केवायसीची कागदपत्रं आणि हयातीचा दाखला घरून देण्याची सोय करावी. वडील 70 चे नाहीत, पण दिव्यांग म्हणून बसतात. सही जमत नसेल तर अंगठा चालतो, अंगठा उठत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हे सगळं एका अर्जात लिहा, सोबत यूडीआयडीची प्रत जोडा आणि शाखाधिकाऱ्याच्या हातात द्या. तोंडी बोलू नका, आमचे महिने तोंडी बोलण्यातच गेले. 30 दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट.

सीडिंग झालं की तहसीलच्या संजय गांधी शाखेत थकीत हप्त्यांसाठी वेगळा अर्ज द्या. दिव्यांगांचं अनुदान 2025 मध्ये महिना 1,500 रुपयांवरून 2,500 झालंय, तेवढंच येतंय का ते पासबुकात बघा. हयातीचा दाखला दरवर्षी न विसरता द्या. वडील 65 चे झाले की प्रकरण श्रावणबाळ या वृद्धांच्या अनुदान योजनेकडं वळतं, तेव्हा तहसीलच्या त्याच शाखेत स्वतः जाऊन विचारा.

कुणी 'निरामय' विमा घ्या म्हणेल. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगतेसाठी आहे, नुसत्या लकव्याला नाही. घरी आया ठेवायचा खर्च या अनुदानातून भागत नाही, हेही आधीच धरून चाला. मात्र सरकारच्या वृद्ध आरोग्य कार्यक्रमात 60 वर्षांवरच्या, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घरी भेट देणं हे आरोग्य कर्मचाऱ्यांचं काम आहे. वस्तीतल्या आशाताईंना वडिलांचं नाव नोंदवायला सांगा.

मी वकील नाही, नियम बदलतात, अर्जाआधी एकदा खात्री करा.

आणखी एक, नागपूरचा उन्हाळा म्हणून. कूलरचा झोत थेट खाटेवर नको. चादर ओलसर राहते, पाठ आणि माकडहाडाजवळची कातडी मऊ पडते आणि तिथंच बेडसोअर (पडून राहिल्यानं होणारी जखम) सुरू होतो. दर दोन तासांनी कूस बदला, हवेची गादी असली तरीही. माकडहाड आणि टाचा रोज उजेडात पाहा. लाल डाग बोटानं दाबून पांढरा पडत नसेल तर त्याच दिवशी दाखवा.