पगार कुठून येणार, ते आधी विचार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून मी अस्वस्थ झाले. क्रिप्टोच्या क्षेत्रात नोकरीसाठी सॉलिडिटी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकू की रस्ट, इथेरियम या ब्लॉकचेनवर (व्यवहारांच्या सामायिक नोंदवहीवर) काम करू की सोलानावर, यावर तू पानभर लिहिलं आहेस. हातात आलेल्या दोन ऑफरींचा विषय मात्र शेवटच्या चार ओळींत उरकलास: पहिली कंपनी टोकन, म्हणजे स्वतःच काढलेली डिजिटल नाणी, भरपूर देते आहे, दुसरीचं ऑडिटचं, म्हणजे इतरांच्या कोडमधल्या चुका तपासण्याचं, काम कंटाळवाणं वाटतं. तुझा खरा गोंधळ त्या चार ओळींत आहे. भाषेचं म्हणशील, तर एक मुळापासून शिकलास की दुसरी येते. त्यावर मी वेळ घालवणार नाही.

मला एवढंच सांग: तुझा पगार ज्या पैशातून होणार, तो पैसा कुठून येतो?

पहिल्या कंपनीला तू हे विचारलेलं दिसत नाही. ठेवींवर अठरा टक्के परतावा मिळतो, हे तू कौतुकानं लिहिलं आहेस. तो परतावा देतं कोण? कर्ज घेणारे देत असतील, तर इतकं व्याज भरून ते कमावतात काय? नवीन टोकन काढून देत असतील, तर ती टोकनं पुढे विकत कोण घेतं आणि कशासाठी? याचं उत्तर तुला दोन वाक्यांत देता येत नसेल, तर तिथं काय काम करायचं हा प्रश्नच अजून आलेला नाही.

टेरा नावाचं क्रिप्टो नेटवर्क कोसळलं तेव्हा तू कॉलेजात असशील, म्हणून सांगते. तिथल्या अँकर नावाच्या ठेवी-कर्जाच्या प्रोटोकॉलवर यूएसटी, म्हणजे एका डॉलरच्या भावाला बांधलेलं टेराचं नाणं, ठेवलं की साधारण साडेएकोणीस टक्के मिळायचे. कर्जदारांकडून येणारं उत्पन्न त्याला पुरत नव्हतं. तूट राखीव निधीतून भरली जात होती, आणि तो निधी आटत आला म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यात सुमारे ४५ कोटी डॉलरची भर घालावी लागली. यात लपलेलं काही नव्हतं. निधीची शिल्लक कुणालाही बघता येत होती. मे महिन्यात यूएसटीची डॉलरशी असलेली बरोबरी तुटली आणि काही दिवसांत लूना, म्हणजे यूएसटीला आधार देणारं टेराचं दुसरं नाणं, जवळजवळ शून्यावर आलं. तिथं हुशार इंजिनिअर होते, कोड चालत होता. पैसा कुठून येतो, या एका प्रश्नाचं उत्तर मात्र टिकणारं नव्हतं.

एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजची, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराची, गोष्ट वेगळी आहे असं तुला वाटेल. प्रश्न तोच आहे. ग्राहकांच्या ठेवी अलामेडा या सहयोगी ट्रेडिंग कंपनीकडे वळवल्या जात होत्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली, आणि तिथल्या अनेक कर्मचाऱ्यांची स्वतःची बचतही त्याच एक्स्चेंजवर अडकली. ती माणसं तुझ्याइतकीच प्रामाणिक असतील. म्हणून आणखी एक सांगून ठेवते: जिथं नोकरी, तिथंच बचत ठेवायची नाही. पगार टोकनात मिळाला तर जगायला लागतो तेवढा भाग त्याच दिवशी बदलून घे.

या क्षेत्रात खरी कमाई नाहीच, असं मी म्हणत नाही. म्हणत असते तर इतकी वर्षं इथं राहिले नसते. एक्स्चेंज व्यवहारावर शुल्क घेतं. स्टेबलकॉइन (डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेलं नाणं) काढणारी कंपनी राखीव रकमेवर, मुख्यतः सरकारी रोख्यांवर, व्याज मिळवते. बिटकॉइनच्या व्यवहारांचे गठ्ठे, म्हणजे ब्लॉक, साखळीत जोडणाऱ्या मायनरला ठरलेलं बक्षीस मिळतं. एप्रिल २०२४ पासून ते ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन आहे, आणि पुढे कधी निम्मं होणार हेही नियमात लिहिलेलं आहे. ऑडिट करणारी कंपनी कामाचं बिल पाठवते आणि ग्राहक ते भरतो. हो, तीच, तुला कंटाळवाणी वाटणारी.

उगम खरा असला तरी त्याचा स्वभाव ओळखावा लागतो. २०२२ मध्ये बाजार पडला, व्यवहार आटले, शुल्क आटलं. जूनमध्ये कॉइनबेस या एक्स्चेंजनं सुमारे १८ टक्के लोक कमी केले, आणि त्याच्या थोडं आधी, ज्यांनी ऑफर स्वीकारली होती अशा कित्येकांच्या ऑफर मागे घेतल्या. शुल्कावर चालणाऱ्या कंपनीत जाणार असशील तर काही महिने पगाराशिवाय निघतील इतकी बचत गाठीला बांधून जा.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. मी एका कंपनीत होते, पगार उत्तम होता, टोकनं लवकरच माझ्या नावावर होणार होती. वापरकर्त्यांना वाटल्या जाणाऱ्या बक्षिसांचा पैसा येतो कुठून, असं मी बैठकीत विचारलं. वाढ होत आहे तोवर हा प्रश्न उद्भवत नाही, असं उत्तर मिळालं. मी पुन्हा विचारलं, पुढच्या बैठकीतही विचारलं, आणि शेवटी वेस्टिंगची, म्हणजे टोकनं नावावर होण्याची, तारीख यायच्या आधी राजीनामा दिला. जे राहिले त्यांतल्या काहींनी वरच्या भावात विकलं. त्यांनी घरं घेतली. माझा सगळ्यात जवळचा सहकारी त्यांतलाच. तो माझ्याशी आता बोलत नाही, कारण माझं जाणं त्याला स्वतःवरचा आरोप वाटलं. ते मला आजही टोचतं. पण त्यांनी विकलं ते कुणीतरी घेतलंच ना? घेणाऱ्याला तो प्रश्न कुणी विचारू दिला होता? मी हटवादी आहे असं ते म्हणतात. असेन. आज तीच बैठक पुन्हा झाली तरी मी तेच विचारीन आणि तशीच उठून जाईन.

तू म्हणशील, मी कोड लिहिणारा माणूस, हिशेब बघणं माझं काम नाही. इथं मात्र माझा संयम सुटतो. अरे, स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा तो कोड, म्हणजे दुसरं काय? पैसा कुठून आला, कुणाचा आहे, कधी बाहेर जाईल, हेच त्यात लिहिलेलं असतं. जून २०१६ मध्ये द डीएओ या इथेरियमवरच्या सामायिक गुंतवणूक निधीमधून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं चलन) निघून गेले, कारण कॉन्ट्रॅक्ट आधी इथर पाठवत होतं आणि शिल्लक नंतर कमी करत होतं. घेणाऱ्याच्या कोडनं मधल्या मधे पुन्हा मागणी केली, आणि जुन्याच शिलकीवर पुन्हा पैसे सुटले. तो घोटाळा निस्तरण्यासाठी इथेरियमची साखळीच दुभंगली. जुनी आज इथेरियम क्लासिक म्हणून चालते. पैसे काढण्याचं ते फंक्शन उघड आणि ओळीओळीनं वाच. नंतर चाचणी नेटवर्कवर स्वतः तशी चूक असलेलं कॉन्ट्रॅक्ट लिही, त्यातले पैसे काढून दाखव, मग ते दुरुस्त कर. रस्ट की सॉलिडिटी या वादात तू घालवलेल्या वेळात हे झालं असतं.

आणि मुलाखतीच्या नावाखाली कुणी अनोळखी रिपॉझिटरी (कोडचा संच) पाठवून 'जरा चालवून बघ' म्हटलं, तर ज्या मशीनवर तुझं क्रिप्टो वॉलेट आहे तिथं ती उघडायची नाही. नोकरी शोधणाऱ्यांना असंच लुबाडतात.

आता टोकनांचं. तुला सांगितलेला मोठा आकडा आजच्या भावानं काढलेला आहे. पहिलं वर्ष हातात काही नाही, मग चौथं वर्ष संपेपर्यंत थोडं थोडं, असा करार सर्रास असतो. तुझी टोकनं सुटतील तेव्हा संस्थापकांची आणि गुंतवणूकदारांचीही सुटतील. ती सगळी एकदम बाजारात आली तर घेणार कोण? पुन्हा तोच प्रश्न, मित्रा. मी तो सोडणार नाही आणि तुलाही सोडू देणार नाही.

पहिल्या कंपनीला आजच लिही. परतावा कशातून दिला जातो, नवीन गुंतवणूक आली नाही तर हातातली रोकड किती महिने पुरेल, आणि कुणाची किती टोकनं कधी सुटणार, एवढं विचार. उत्तरासाठी मुदत वाढवून माग. दुसऱ्या कंपनीला विचार की कनिष्ठ ऑडिटरचं काम तपासतं कोण, आणि तपासलेले जुने अहवाल वाचायला मिळतील का. दोघांकडून जे येईल ते जसंच्या तसं मला पाठव, कराराच्या मसुद्यासकट. एखाद्यानं उत्तर टाळलं तर तेही कळव.

तुझी,
ताई