पिएझो इंजेक्टरमधली भेग कुठून निघते?

प्रश्न : सर, वाडीत माझं डिझेल पंप-इंजेक्टरचं वर्कशॉप आहे. शॉर्ट झालेला एक पिएझो इंजेक्टर उघडला, तर आतल्या सिरॅमिकच्या स्टॅकला केसाएवढी बारीक भेग. बाहेरून कुठेच मार नव्हता. आपल्या नागपूरच्या ४५ डिग्रीच्या उन्हानं असं होतं का?
– एक वाचक, वाडी, नागपूर

उत्तर : भाऊ, उन्हाला दोष देऊ नका. (इतर वाचकांसाठी : पिएझो म्हणजे वीज दिली की किंचित लांबणारं सिरॅमिक. त्याच्या थरांची चळत म्हणजे स्टॅक, आणि तिच्या लांबण्या-आखडण्यानं डिझेल फवारणारा इंजेक्टर उघडतो-मिटतो.) इंजिनाच्या हेडमध्ये बसलेला इंजेक्टर त्याहून कितीतरी जास्त उष्णता रोज सोसतो.

भेग निघते ती आतला इलेक्ट्रोड, म्हणजे वीज पोचवणारा धातूचा पातळ थर, जिथे संपतो तिथून. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही असे स्टॅक कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. पहिली नजर मी त्या टोकावरच टाकायचो. स्टॅकमध्ये साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचे शेकडो थर, आणि दोन थरांच्या मध्ये चांदी-पॅलेडियमचा इलेक्ट्रोड. एक प्लसच्या पट्टीला जोडलेला, पुढचा मायनसच्या. समोरच्या पट्टीला टेकू नये म्हणून प्रत्येक इलेक्ट्रोड कडेच्या थोडा अलीकडे थांबवतात. त्यामुळे मधल्या भागाला विद्युतक्षेत्र मिळतं, कडेच्या पट्ट्याला जवळजवळ नाहीच. दीडशेक व्होल्ट दिले की मधला भाग लांबतो, कडेचा लांबत नाही, आणि दोन्हींच्या सीमेवर, इलेक्ट्रोडच्या टोकाशी, सिरॅमिक ओढलं जातं. ३० मिलिमीटरचा स्टॅक वाढतो जेमतेम ३०-४० मायक्रॉन, पण सिरॅमिक दाब झेलतं, ताण नाही! त्यात नेमकं त्याच टोकाशी विद्युतक्षेत्रही एकवटतं. कधी कधी तर कारखान्यात पोलिंग करतानाच, म्हणजे सिरॅमिकला पहिल्यांदा मोठं व्होल्टेज देतानाच, तिथे तडा जातो.

आता तुमच्या कामाचं. भेगेची दिशा पाहा. इलेक्ट्रोडला समांतर गेलेली भेग सहसा फारसं बिघडवत नाही. काही उत्पादक तर भेग त्याच पातळीत राहावी म्हणून मुद्दाम कमजोर थर ठेवतात. मला हा उपाय फार आवडतो. पण भेग वळून शेजारच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचली, की विजेला आडवी वाट मिळते. ओल शिरली तर चांदी त्या वाटेनं सरकते आणि स्टॅक शॉर्ट होतो. तुमचा स्टॅक भिंगाखाली धरा. भेग थर ओलांडून गेलेली असेल, असा माझा अंदाज आहे.

आणि एक सांगतो, हाताखालच्या पोरांनाही बजावून ठेवा : इंजिन चालू असताना पिएझो इंजेक्टरचा प्लग काढायचा नाही. स्टॅकमधला चार्ज आतच अडकतो, इंजेक्टर उघडाच राहू शकतो आणि सिलिंडरमध्ये डिझेल ओतत राहतं.