एचबीए१सी ६.१ आलाय? आधी चहाकडे बघा

६.१ म्हणजे दादा, तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. एचबीए१सी ही रक्ताची तपासणी साधारण तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगते, म्हणून आठ दिवस गोड सोडून लगेच लॅबकडे धावू नका.

सुरुवात चहापासून करा. कपात दोन चमचे साखर म्हणजे ८ ग्रॅम तरी. दिवसाला चार कप झाले की ३२ ग्रॅम तिथेच गेली. जागतिक आरोग्य संघटना ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ च्या आत राहायला सांगते, आणि त्यात मध नि फळांचा रसही धरते. गुळाचा चहा पितो म्हणून निर्धास्त असणारे कितीतरी भेटतात. गुळातही बहुतेक साखरच असते हो!

रविवारची मिसळ सोडा असं मी मुळीच म्हणणार नाही. मोड आलेल्या मटकीत प्रथिनं आणि तंतू असतात. अडचण आहे ती मैद्याच्या पावाची आणि वर मागवलेल्या जिलेबीची. एकच पाव घ्या, मटकी जास्त मागा.

द्राक्षांच्या हंगामात मात्र जपा. नाशकात पेटीच घरात येते आणि येता-जाता घोस तोंडात जातो. १०० ग्रॅम द्राक्षांत १५-१६ ग्रॅम साखर असते. मूठभर वाटीत काढून घ्या, पेटीजवळ बसू नका.

जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. आणि डॉक्टरांनी गोळी दिली असेल, तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका.