आईचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी ती दिवसभर पडून असते. हे डिप्रेशन असेल का? डॉक्टरकडे कसं न्यायचं?

तुम्ही लिहिलंय की आईचं वय ५८, तीन महिने डोकं-पाठ दुखतेय, पहाटे तीन-चारला जाग येते, जेवण अर्ध्यावर आलंय, भिशीलाही जात नाही. आणि मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं की "मला काय वेड लागलंय?" म्हणून विषय संपवते. मी डॉक्टर नाही. चाळिशीत मला हा आजार झाला आणि औषधं व समुपदेशन घेऊन मी बरी झाले, त्या अनुभवावरून सांगते. डिप्रेशन असण्याची शक्यता बरीच आहे. दोन आठवडे रोज असं चाललं तरी डॉक्टर गांभीर्याने घेतात, तुमच्याकडे तर तीन महिने झाले.

आई रडत नाही, मग डिप्रेशन कसलं, असं तुमच्या बाबांना वाटतं. मीसुद्धा फारशी रडले नव्हते. मेथीची जुडी पुढ्यात घेऊन बसायचे आणि निवडायला हात उचलायचा नाही. कुठली काडी आधी घ्यायची हेच ठरत नसे. शेवटी सासूबाई काही न बोलता जुडी उचलून न्यायच्या, की माझं मनातल्या मनात सुरू: आपण या घराला भार झालोय. असं काही आईच्या तोंडून आलं तर "काहीतरीच काय बोलतेस" म्हणून उडवून लावू नका. सतत अपराधी वाटणं हेही या आजाराचंच लक्षण आहे.

आणि आपल्याकडे किती बाया "मन उदास आहे" असं सरळ सांगतात? डोकं जड झालं, अंग मोडून आलं, गॅस झाला, मुंग्या येतात, हीच भाषा. दुखणं खरंच असतं, ती नाटक करत नाही. फक्त सोनोग्राफीत ते दिसत नाही. थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तेवढं मात्र करून घ्या, कारण थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच मलूल होतो.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली असते. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना दाखवायला हवं. एवढ्यावर निदान होत नाही, पण बाबांसमोर ठेवायला कागद मिळतो. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे आणि तो गाळू नका. "आई, जगणं नको असं वाटतं का गं?" असं सरळ विचारा. विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल ही भीती खोटी आहे, उलट विचारणारं कुणी भेटलं की माणूस मोकळं होतं. उत्तर "हो" आलं तर तिला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि शेत असेल तर फवारणीची औषधं कुलपात टाका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास फुकट चालते, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसुद्धा तिथे फोन करून सल्ला घेऊ शकता.

आता न्यायचं कसं. वेडाच्या मुद्द्यावर वाद घालून तुम्ही जिंकणार नाही. तिला स्वतःला ज्याचा त्रास वाटतो ते धरा, म्हणजे झोप. आधी फॅमिली डॉक्टरांना एकटे भेटून सगळं सांगा आणि त्यांच्याच तोंडून येऊ दे: "काकू, झोपेसाठी एकदा या डॉक्टरांना दाखवून घ्या." यात खोटं काही नाही, झोपेवर मानसोपचारतज्ज्ञही उपचार करतात. मात्र भलतंच कारण सांगून नेणं, किंवा चहातून-भाजीतून गोळी देणं, हे मुळीच नको. कळलं की विश्वास गेला आणि उपचारही गेले. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत दाखवा. आमच्या पुण्यातलं मनोरुग्णालय येरवड्यात आहे, त्यामुळे "येरवड्याला" एवढं म्हटलं तरी लोकांचे चेहरे बदलतात, म्हणून मीही साध्या हॉस्पिटलची ओपीडीच गाठली होती.

पहिल्या भेटीत शॉक-बिक काही नसतं. पहाटे किती वाजता जाग येते, सकाळी जास्त जड वाटतं की संध्याकाळी, घरात आधी कुणाला असं झालं होतं का, असे प्रश्न असतात. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ होते ती मात्र पहिल्याच आठवड्यात. बऱ्याच जणांचं औषध नेमकं तिथेच सुटतं. तेवढे दिवस तुम्ही धीर धरा आणि तिलाही धरायला लावा. त्रास फार झाला तर डॉक्टरांना फोन करा. डिप्रेशनच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. सवय लागू शकते ती झोपेच्या गोळ्यांची, म्हणून त्या थोडेच दिवस देतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावं लागतं, आणि बंद करायचं ते डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू कमी करत.

"जरा बाहेर पड, बरं वाटेल" हे मी इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी फोन उचलणं बंद केलं. वास्तविक हालचालीने फरक पडतो, पण ती नेमून दिलेली आणि अगदी छोटी हवी. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत हेच करून घेतलं. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा यात जास्त लोक सुधारले होते. मला समुपदेशक बाईंनी एकच काम दिलं होतं: दूधवाला आला की पिशवी मी घ्यायची. वाटो न वाटो, घ्यायची. पुढची कामं त्यानंतर एकेक वाढली.

अपॉइंटमेंट शक्यतो संध्याकाळची घ्या, या आजारात बऱ्याच जणांची सकाळ फार वाईट जाते. जुनी फाइल आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिकसुद्धा, बरोबर ठेवा. थोडा वेळ आईला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या. आणि बाबांना न्याच. "हा आजार आहे" हे तुम्ही कितीही सांगा, त्यांना ते डॉक्टरांच्या खुर्चीतूनच ऐकायचं असेल.