दोन तृतीयांश आमदार फुटले की आमदारकी वाचते का?
नुसतं फुटून नाही वाचत, दुसऱ्या पक्षात विलीन व्हावं लागतं. १९८५ च्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे राज्यघटनेतल्या पक्षांतरबंदी कायद्यात, एक तृतीयांश फुटीलाही मुभा होती. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती गेली. गोव्यात २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपची वाट धरली, म्हणजे नेमके दोन तृतीयांश. एक जरी मागे फिरला असता तरी उरलेले नऊ अपात्रतेच्या कचाट्यात सापडले असते.

व्हिप, म्हणजे सभागृहात कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला तरी आमदारकी जाऊ शकते; पण तो मोडला आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं, तर कारवाई होत नाही. हा व्हिप काढणारा प्रतोद मात्र राजकीय पक्षच नेमतो, विधिमंडळ पक्ष (म्हणजे पक्षाच्या आमदारांचा गट) नव्हे. महाराष्ट्रातल्या शिवसेना फुटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे, आणि खरं घोडं तिथेच पेंड खातं: परिशिष्टात त्यासाठी मुदतच दिलेली नाही.