लाल झग्यातले मास्तर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. महिनाभर तू समोर ठेवलेल्या प्लास्टरच्या कानाचं चित्रच काढते आहेस आणि मैत्रिणींचे कॅनव्हास रंगून झाले, याचं तुला वाईट वाटतंय. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. कानाची पाळी छान उतरली आहे. पण आतली वळी जिथे खोलगट भागात उतरते, तिथे तू न बघता काळं केलंस. ती सावली हळूहळू विरते, तुझी मात्र सुरीने कापल्यासारखी दिसते. म्हणजे कान अजून संपलेला नाही.

सोबत एका चित्राची प्रत पाठवते आहे. शार्ल-जोसेफ नात्वार या फ्रेंच चित्रकाराने १७४६ साली शाई आणि जलरंगात ते काढलं. मूळ चित्र लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे. १६४८ साली स्थापन झालेल्या पॅरिसच्या राजेशाही कला अकादमीतला हा वर्ग. पण हुबेहूब अशी खोली तिथे नव्हती. भिंतभर चित्रं, प्राचीन पुतळ्यांच्या प्रती, मधोमध दोन मॉडेल आणि भोवती वाकून बसलेली मुलं, हे सगळं एकाच दालनात मांडून नात्वारने आपल्या विद्येचा गौरव केला आहे. रूपक म्हणूनच ते बघ.

त्या विद्येचा क्रम ठरलेला होता. आधी दुसऱ्याच्या चित्रावरून डोळा, नाक, कान. मग प्लास्टर. मग जिवंत माणूस, दोन-दोन तास, हातात बहुधा गेरूसारखा तांबडा खडू. रंगवणं अकादमीच्या या वर्गात शिकवतच नसत, ते ज्याच्या त्याच्या गुरूच्या कार्यशाळेत. आपल्या जे.जे. कलाशाळेची घडण इंग्रजी वळणाची, पण तुझा प्लास्टरचा कान याच घराण्यातला. प्लास्टर पांढरं असतं आणि हलत नाही, म्हणून तिथे फक्त उजेडाशी गाठ पडते. रंग आला की डोळा भुलतो.

तुझ्यासारखीच तीही मुलं रडकुंडीला येत. सात-आठ वर्षांच्या वयात हाती खडू येतो, मग वर्षानुवर्षं पाठ वाकवून पुतळ्यांपुढे बसायचं, असं चित्रकार शार्दँने सांगितल्याचं फ्रेंच लेखक दिदरोने १७६५ मध्ये लिहून ठेवलंय. चित्रांवर टीका करणाऱ्यांनी जरा हळुवार बोलावं, अशी शार्दँची विनवणी होती.

आता चित्रात खाली डावीकडे बघ. लाल झगा घातलेला माणूस मुलांची चित्रं तपासतोय. तो स्वतः नात्वार. एवढे मोठे पुतळे आणि मॉडेल मांडूनही त्याने लाल रंग ठेवला तो तपासणाऱ्या मास्तरांसाठी. मला हे चित्र आवडतं ते एवढ्यासाठीच. चित्र कुणापुढे तरी धरावं लागतं. तू महिनाभर कान काढलास, पण तिथल्या सरांना किती वेळा दाखवलास? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही.

आणखी एक गोष्ट मला बोचते, ती लपवत नाही. त्या वर्गात मुलगी बसू शकत नव्हती. १७८३ मध्ये आदेलाइद लाबिय-ग्यिआर आणि व्हिजे ल ब्रँ या दोन चित्रकर्तींना अकादमीने सभासद करून घेतलं, पण मॉडेलसमोर बसायला स्त्रियांना जागा नव्हती. पुढे पॅरिसच्या एकोल दे बोझार्त या सरकारी कलाशाळेचं दार मुलींना उघडलं ते १८९७ मध्ये. म्हणून तू कंटाळून बाक सोडून उठलीस की माझा जीव खालीवर होतो.

उद्या सकाळी कान पुन्हा मांड. एकच दिवा, डावीकडून. डोळे बारीक करून आधी सर्वांत गडद जागा शोध आणि तिथूनच सुरुवात कर. खोडरबर दप्तरातच राहू दे. झालं की कागद सरांच्या हातात दे, ते काय म्हणाले ते मागच्या बाजूला पेन्सिलीने लिही आणि दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठव.

तुझ्या
ड्रॉइंगच्या बाई